आपला माल शेवटी उतरवतो कोण?

(वरुड तालुक्यातल्या एका गावात संत्रा उत्पादक आणि महिला बचत गटांपुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

सूत्रसंचालक भाऊंनी मघा माझी ओळख ‘मालवाहतूक तज्ज्ञ’ अशी करून दिली. तसं काही नाही. नागपुरात एका ट्रान्सपोर्टच्या गाळ्यात मी तीस वर्षं बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, फाडल्या. पाठवणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, नग किती, वजन किती, भाडं ‘पेड’ (आधीच भरलेलं) की ‘टू-पे’ (घेणाऱ्यानं द्यायचं), एवढं लिहायचं आणि पुढची बिल्टी घ्यायची. पण त्यातल्या ‘नग’ या रकान्यानं मला जेवढं शिकवलं तेवढं वजनाच्या रकान्यानं शिकवलं नाही. पाच क्विंटल हळद म्हणजे दहा कट्टे, की पंचवीस खोकी, की एक मोठी पेटी? वजन तेच. हमाली वेगळी, भाडं वेगळं आणि पोचल्यावरची अवस्थाही वेगळी.

माल कशात भरायचा, हे आपल्याकडे घरात काय पडलंय त्यावर ठरतं. शेजारच्या दुकानातून बिस्किटाचं खोकं मिळालं, भरा त्यात शेवया. युरियाची रिकामी पोती पडलीत, भरा तूर. (हे मात्र खरंच करू नका, खायची वस्तू आहे.) माझं म्हणणं उलटं आहे. हा नग शेवटच्या ठिकाणी कोण उतरवणार, हे आधी विचारा. मग तिथून मागं मागं येत घरापर्यंत या.

हे मला कळलं ते स्वतःच्या चुकीतून. एका गावात बचत गटानं लाकडी तेलघाणा मागवला होता. बुकिंग माझंच. कारखानदारानं विचारलं, सुटे भाग करून पाठवू की एकाच क्रेटमध्ये? मी म्हटलं, एकच नग करा, हरवायची भीती नको. चारशे किलोच्या आसपासचा नग. कारखान्यात क्रेननं चढला, आमच्या गोदामात सहा हमालांनी ढकलला. गावात पोचला रात्री आठला, आणि तिथं ट्रकभोवती उभ्या होत्या अकरा बाया आणि एक म्हातारबा. शेवटी शेजारच्या गावातून जेसीबी बोलावला. त्याचं भाडं ट्रकच्या भाड्याहून जास्त झालं. त्या बायांनी मला फोनवर जे ऐकवलं ते या व्यासपीठावरून सांगण्यासारखं नाही.

आता कापसाची गठाण बघा. दाबलेल्या रुईची एक गठाण १७० किलोची. एकट्या माणसाच्या बापाच्यानं उचलत नाही. तरी ती चुकीची नाही, कारण ती प्रेसमधून निघते आणि सूतगिरणीत उतरते. दोन्हीकडे यंत्र आहे, गाडी आहे, सवयीची माणसं आहेत. धान्याचं पोतं मात्र माणसाच्या पाठीवरून जातं. पूर्वी ते शंभर किलोचं असायचं. आमच्या जुन्या हमालांच्या माना बघितल्या असत्या तर ते पन्नास किलोवर का आलं, हे विचारावं लागलं नसतं. त्यातलाच एक मला म्हणायचा, “बाबूजी, कट्ट्याले कान ठेवत जा, नाही तं आम्ही आकडा मारतो.” कान म्हणजे शिवताना दोन्ही कोपऱ्यांना सोडलेली मूठ. कान नसले की धरायला जागा नाही. मग हमाल लोखंडी आकडा घालतो आणि वाटभर सोयाबीन गळत जातं. शिवणीतली ती दोन बोटं वाचवून आपण किती किलो घालवलं, ते कोणी मोजत नाही.

दुसरा प्रश्न असा, की मध्ये किती हात लागणार? आपली शकुंतला रेल्वे आठवा. अचलपूर–मूर्तिजापूर–यवतमाळ, अडीच फुटी रूळ. यवतमाळचा कापूस मुंबईला निघायचा, पण मूर्तिजापुरात रूळ बदलायचे. म्हणजे छोट्या डब्यातून काढा, मोठ्या डब्यात भरा. आज रूळ बदलत नाहीत, पण सुट्या मालाचं, म्हणजे अख्खी गाडी न भरता इतरांच्या मालासोबत जाणाऱ्या मालाचं, मूर्तिजापूर अजून जागोजाग आहे. इथून पिकअपनं अमरावती, तिथल्या गोदामात उतरला, मोठ्या गाडीत चढला, पुण्यात पुन्हा उतरला, छोट्या गाडीत चढला. तुम्ही खोकं एकदा उचललं, रस्त्यात ते सहा वेळा उचललं गेलं. आणि दर वेळी ते कुणाच्या शेजारी बसेल याचा भरवसा नाही. एकदा मी हळदीची बारा खोकी लावली, त्यांच्यावर कुणाचे तरी फवारणीच्या औषधाचे डबे आले. फुटलं काहीच नाही, नुसता वास लागला. बाराही खोकी परत आली.

म्हणून सुट्या मालात जायचं असेल तर खोकं पाच प्लायचं, म्हणजे पाच थरांच्या पुठ्ठ्याचं घ्या, आत जाड पिशवी घाला आणि एका माणसाला छातीशी धरून नेता येईल एवढंच वजन भरा. माझ्या अनुभवात पंधरा-वीस किलो. त्यावर गेलं की हमाल ठेवत नाही, टाकतो. त्याची चूक नाही. खोक्याची ताकद त्याच्या चार कोपऱ्यांत असते, म्हणून रचताना कोपऱ्यावर कोपरा आला पाहिजे. विटांसारखी सांधेमोड करून रचलेली थप्पी दिसायला पक्की असते, पण वरचा भार खालच्या खोक्याच्या मधल्या पोटावर येतो आणि ते दबतं.

आता संत्रा. त्यासाठीच तुम्ही बसलात, हे मला ठाऊक आहे. ट्रकमध्ये खाली तणस अंथरून सुटा संत्रा भरायचा, ही आपली जुनी रीत. स्वस्त आहे, मी तिला नावं ठेवणार नाही. पण आपल्या संत्र्याची साल ढिली, आत हवा. वरच्या थरांचं वजन खालच्या थरावर बसतं, आणि भाव लागतो तो तळ बघून. लाकडी पेटीत वजन पेटीवर येतं, पण खिळा फळात घुसतो आणि कड घासते. प्लास्टिकच्या कॅरेटमध्ये भार कॅरेटच्या काठावर राहतो, फळावर येत नाही. मात्र काठाच्या वर फळ दिसलं तर तो गुण संपला. शिगेला भरू नका, दोन बोटं खाली ठेवा. व्यापारी म्हणतो, भरा हो गच्च. त्याला कॅरेटमागे पैसे द्यायचे आहेत, म्हणून तो म्हणतो.

कॅरेटची खरी अडचण वेगळी आहे, ते परत येत नाही. बांगलादेशला माल जायचा तेव्हा सीमेवर पेट्रापोल-बेनापोलला गाडी बदलायची. अशा वाटेवर कॅरेट चांगलं, पण ते गेलंच असं धरून त्याची किंमत भावात मिळवा. नागपूरच्या मंडीत जाणारं कॅरेट त्याच गाडीनं परत येतं, तिथं भारी कॅरेट घ्यायला हरकत नाही. मध्ये गाडी बदलत नाही अशा दूरच्या एकमार्गी वाटेला भोकं असलेलं पुठ्ठ्याचं खोकं जास्त शहाणपणाचं.

गाडीचं गणितही करा. छोटा हत्ती साधारण साडेसातशे किलो माल नेणारा. वीस किलो संत्रा आणि दोन किलोचं कॅरेट धरलं तर चौतीस कॅरेट. आपण लादतो पन्नास आणि मग पंक्चरला शिव्या देतो.

कंटेनरबद्दल थोडंच सांगतो, कारण तुमच्यापैकी दोघांनीच विचारलं. २६ एप्रिल १९५६ ला अमेरिकेत नेवार्कहून ह्यूस्टनला एक जहाज ५८ पेट्या घेऊन निघालं, तिथून या पेटीचा जमाना सुरू झाला. माल नाही उचलायचा, पेटीच उचलायची. आपल्याकडे वीस फुटी आणि चाळीस फुटी चालतात. लोकांना वाटतं, चाळीस फुटी म्हणजे दुप्पट माल. जागा दुप्पट आहे, ३३ ऐवजी ६७ घनमीटर. वजन मात्र जवळपास तेवढंच जातं, पंचवीस-सत्तावीस टन. सोयाबीनचं वजन घनमीटरला साडेसातशे किलोच्या आसपास, त्यामुळे वीस फुटी पेटी भरता भरताच वजन संपतं. चाळीस फुटी घेतली तर अर्ध्या रिकाम्या पेटीचं भाडं भरा. हलक्या, पसरट मालाला चाळीस फुटी. आणि परदेशी माल लाकडी पॅलेटवर जाणार असेल तर ते लाकूड ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं आणि तसा शिक्का मारलेलं लागतं. आपल्या सुताराचं पॅलेट बंदरावरून परत येईल.

आता ताईंचा विषय, कुरिअर. इथं वजनकाटा एकटा चालत नाही. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये मोजतात, गुणतात आणि ५००० नं भागतात. काही जण ४००० नंही भागतात, आधी विचारून घ्या. येणारा आकडा किलोत. तो आणि काट्यावरचा, यातला जो मोठा त्याचे पैसे. एका ताईंनी पुण्याच्या भाचीला पाच किलो कुरडया पाठवल्या. खोकं तिन्ही बाजूंनी ४५ सेंटीमीटरचं, आत निम्म्याहून जास्त कागदाचे बोळे. ४५ गुणिले ४५ गुणिले ४५, भागिले ५०००. सव्वाअठरा किलो! पाच किलोच्या कुरडया अठरा किलोच्या भावानं गेल्या. त्याच कुरडया ३० बाय ३० बाय २० च्या दोन खोक्यांत बसल्या असत्या तर प्रत्येकी ३.६, मिळून सव्वासात. पापडाला ही कटकट नाही, तो एकावर एक बसतो. कुरडईला हवा लागते, ती मोडते. तिला पसरट, कमी उंचीचं खोकं घ्या आणि दर दोन थरांत पुठ्ठा घाला. आणि एसटीनं पार्सल पाठवणार असाल तर ते डेपोत घ्यायला जाणारी भाची स्कूटरवर येणार आहे, हे लक्षात ठेवा. तिच्या पायांमध्ये बसेल एवढं खोकं.

बोलणं पुरे. माझ्या पिशवीत मोजपट्टी आहे. ज्यांनी खोकी आणलीत त्यांनी पुढं या, एकेक मोजू. आधी ते मोठं द्या, बिस्किटाचं चित्र असलेलं.