नळाला हात लावला की मुंग्या येतात?

श्रोतेहो, नमस्कार. खानापूर, जांबोटीकडं पावसानं जोर धरला की जांभ्याच्या भिंती ओल धरतात, आणि मग कुणाकुणाच्या न्हाणीतला नळ झिणझिणायला लागतो. माझ्या मावशीकडं दोन पावसाळे हेच चाललं होतं. "जरा मुंग्या येतात एवढंच," म्हणायची. मी नळाला टेस्टर लावला, तर दिवा पेटला! गिझरची वायर खिळ्याला घासून सोलली होती.

बोर्डात एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा खटका, होता की. पण एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. 16 अँपिअरचा एमसीबी 16 ओलांडल्याशिवाय पडत नाही, आणि आपला जीव जायला त्याचा शंभरावा हिस्सा पुरतो. माणसासाठी लागतो तो आरसीसीबी. फेजच्या वायरीनं गेलेला करंट न्यूट्रलच्या, म्हणजे परतीच्या वायरीनं तेवढाच परत आला का, हे तो सारखं बघत असतो. वाटेत 30 मिलिअँपिअर गळला की डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइन तोडतो. अमेरिकेत ही सोय बहुतेक सॉकेटमध्येच असते. आपल्याकडं मेन बोर्डात एक बसवला की सगळं घर त्याच्याखाली येतं, आणि हेच स्वस्त पडतं. तेवढंही जमत नसेल तर निदान न्हाणी, पाण्याची मोटर आणि मिक्सरची लाइन त्याच्यावर घ्या. एमसीबी मात्र काढायचा नाही. जास्त लोड आरसीसीबीला कळत नाही.

दुकानात 30 मिलिअँपिअरचाच मागा, आयएसआय शिक्का बघून. 100 किंवा 300चा माणसाच्या कामाचा नाही, कुणी कमी पैशात दिला तरी. मेन बंद करून परवाना असलेल्या वायरमनकडूनच बसवून घ्या, आणि अर्थिंगही तपासायला सांगा.

जुन्या घरात एक घोळ हमखास निघतो. आरसीसीबीवरच्या आणि त्याच्याबाहेरच्या लाइनीचे न्यूट्रल एकत्र पिळलेले असतात, त्यामुळं आरसीसीबी सारखा पडतो. मग कंटाळून कुणीतरी त्याला बगल देऊन सरळ वायर जोडतो. हात जोडून सांगतो, तसं करू देऊ नका. न्यूट्रल वेगळे करायला वायरमनला अर्धा दिवस जास्त लागला तर लागू द्या, तेवढी मजुरी द्या.

आणि त्याच्यावर टेस्टचं छोटं बटण असतं. महिन्याचं वीजबिल हातात आलं, सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेचं शून्य रुपयांचं का असेना, की ते दाबायचं. खटका पडला पाहिजे. नाही पडला तर त्याच दिवशी वायरमनला बोलवा.