सतरंजी धुवायला काढण्याआधी

नमस्कार श्रोतेहो. गावातला सप्ताह उरकला, लग्नसराई सरत आली, की घरोघरी सतरंज्या आणि जाजमं धुवायला निघतात. नळाखाली पसरायची, मूठभर सोडा टाकायचा आणि धोपाटण्यानं बडवायची. आज बोलायचंय ते त्याच्या आधीच्या कामाबद्दल. कारण सतरंजी असो, बैठकीतला गालिचा असो की मशिदीतलं लांबलचक कार्पेट, डागानं ते फार तर विद्रूप होतं. झिजतं ते धुळीनं.

चैत्र-वैशाखात आपल्याकडं वावटळ सुटली की दारं-खिडक्या लावूनही फटींतून माती आत येतेच. त्यातले रेतीचे कण वजनानं खाली उतरून दोऱ्यांच्या मुळाशी बसतात. वरून पाय पडला की कणाची धार दोऱ्यावर घासते. खात्री करायची असेल तर गालिच्याचा एक कोपरा उलटा धरा, खाली वर्तमानपत्र अंथरा आणि पाठीमागून तळहातानं चार थापा मारा. वरून स्वच्छ दिसणाऱ्या गालिच्यातूनही करकरीत माती गळते.

आता हीच माती आत असताना पाणी ओतलं तर काय होईल? काळी माती ओली झाली की कशी चिकटते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. म्हणून आधी कोरडी सफाई. सुती सतरंजी दोरीवर टाकून उलट्या बाजूनं काठीनं झटका. गालिचा केरसुणीनं लवीच्या दिशेनं झाडा. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर उत्तम, फक्त त्याचा फिरता ब्रश हातविणीच्या गालिच्यावर आणि झालरीवर चालवू नका, दोरे ओढले जातात. हे आठवड्याला केलं तर पाण्याची पाळी क्वचित येते. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या मुलखात ही बचत छोटी नाही.

डाग पडलाच तर घासू नका. घासल्यानं तो पसरतो आणि आत शिरतो. चहा सांडला की सुती फडकं दाबून टिपा, मग गार पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्यानं पुन्हा टिपा. तेल-तूप सांडलं तर वर मक्याचं पीठ किंवा टाल्कम पावडर पसरा, तासा-दोन तासांनी झाडून काढा. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो आणि माणूस घाबरतो. घाबरू नका, हळदीला सोड्याचा, साबणाचा खार लागला की ती लाल होतेच. पाण्यानं साबण काढा आणि तेवढाच भाग थोडा वेळ उन्हात धरा, हळद उन्हानं फिकी पडते. मात्र सबंध गालिचा दिवसभर उन्हात टाकला तर त्याचेही रंग विटतात. वाळवायचा तो सावलीत, वाऱ्यावर.

भदोही-मिर्झापूरकडचा लोकरीचा गालिचा असेल तर सोडा, ब्लीच आणि गरम पाणी तिन्ही वर्ज्य. लोकर म्हणजे शेवटी केसच, खारानं ती कमजोर होते. रिठ्याचं कोमट पाणी पुरतं. तेही आधी पांढरं फडकं ओलं करून कोपऱ्यावर दाबून बघा. रंग लागला तर घरी धुऊच नका.

पावसाळ्यात ठेवताना घडी घालू नका, कारण वारंवार त्याच घडीवर दोरे तुटतात. गुंडाळून ठेवा. प्लॅस्टिकमध्ये दमट हवा कोंडते, त्यापेक्षा जुनं धोतर किंवा चादर बरी. लोकरीला कसर लागते, तिच्या अळ्या अंधारात, न हललेल्या जागी वाढतात. डांबराच्या गोळ्या ठेवा, पण लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा. कडुनिंबाचा पाला ठेवायची पद्धत जुनी आहे, ठेवायचा तर पूर्ण वाळलेला ठेवा. आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा गालिचा उलगडून, झटकून, पुन्हा गुंडाळायचं काम मात्र चुकवू नका. शेजारी-पाजारी कुणी हात लावायला आलं तर लगेच होतं.

आणि हो, गालिच्यातून एखादा दोरा वर आला असेल तर ओढू नका. कात्रीनं लवीच्या उंचीइतका कापा, आणि कड सुटत असेल तर त्याच दिवशी सुईदोऱ्यानं शिवून टाका. नमस्कार.