दुसरा भाग कोणाकडे आहे?

[दृश्य: पत्र्यावर कोसळणारा पाऊस. वाचनालयाची पायरी, ओल्या चपलांचे जोड. आत एकच ट्यूबलाइट.]

मालवण तालुक्यात पाऊस लागला, की वाचनालयात पेपर वाचायला येणारे आजोबा दोन-दोन दिवस फिरकत नाहीत. शाळकरी मुली मात्र दप्तरावर प्लॅस्टिकची पिशवी ओढून येतात. काउंटरवर प्रश्न ठरलेला: "काकी, दुसरो भाग कोणाकडे आसा?"

[दृश्य: देवघेव नोंदवही. बोट एकेका नावावरून खाली सरकतं.]

तीन भागांची इंग्रजी मालिका आहे. जादू, राजवाडा, आणि आधी एकमेकांच्या जिवावर उठलेले, मग एकमेकांवरच जीव जडलेले दोघं. मालिकेचं नाव इथे मुद्दाम घेतलेलं नाही. ही चित्रफीत बघणाऱ्यांतही कोणी पहिल्या भागाच्या मध्यावर असेल. पहिला भाग ऐन विश्वासघाताच्या क्षणी संपतो. दुसरा यायला वर्ष गेलं.

आता हिशेब. दुसऱ्या भागाची प्रत एक, वाचक नऊ: आठ मुली, एक मुलगा. नेहमीच्या नियमानं पुस्तक 14 दिवस दिलं, तर 15 जूनला निघालेलं पुस्तक 19 ऑक्टोबरला मोकळं होणार. सात दिवसांवर आणलं तर वाचून होत नाही. 480 पानं, इंग्रजी ही घरची भाषा नाही, तासाला वीसेक पानं होतात. म्हणून दहा दिवस. रोज 48 पानं, म्हणजे जवळजवळ अडीच तास, तेही वीज असेल तर. मधे चतुर्थी आली की त्या आठवड्यात पान हलत नाही, हे धरूनच चालायचं.

[दृश्य: जुन्या दिनदर्शिकेची पानं पट्टीनं फाडली जातायत. चौकोनी तुकड्यांची चळत.]

रांग म्हटली की पुढचा मागच्याला शेवट सांगून टाकणार. त्यावरचा उपाय या टेबलावर तयार होतोय. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाची, पोस्टकार्डाएवढी कार्डं: 14 सेंटिमीटर लांब, 9 रुंद. एका वाचकाला पाच. पान 100, 200, 300, 400 आणि शेवट. प्रत्येकावर चार रकाने: पान, तारीख, आत्ता काय वाटतंय, पुढे काय होईल. लिहून झालं की कार्ड दुमडून डब्यात. डबा बिस्किटांचा, झाकणाला खाकी चिकटपट्टी. नववा वाचक संपेपर्यंत उघडायचा नाही.

[दृश्य: डब्याच्या फटीतून आत जाणारं कार्ड. तीनदा.]

पुस्तक संपल्यावर एकदाच अभिप्राय का घ्यायचा नाही? कारण शेवट आवडला की मधली रटाळ शंभर पानंही आवडली होती असं वाटायला लागतं. शेवटानं निराशा केली की उलट. पाचपैकी तीन तारे दिले, म्हणजे नक्की कशाला दिले, हे नंतर देणाऱ्यालाही सांगता येत नाही. 'पुढे काय होईल' हा रकाना सगळ्यात कामाचा. दुसऱ्या भागावर जो राग निघतो, त्यातला बराचसा वाचकानं वर्षभर मनात रचलेला दुसरा भाग मोडल्याचा राग असतो. तो रचलेला भाग कागदावर असला की दोन्ही शेजारी ठेवून बघता येतात.

अर्थात गडबडी होतात. एकीच्या पान 300 च्या कार्डावर तारीख पान 200 च्या आधीची निघाली. या पुस्तकात एक प्रकरण नायिकेच्या तोंडून, एक नायकाच्या. वाचणारीनं नायकाची सगळी प्रकरणं ओलांडून आधी नायिकेची संपवली होती. दुसरी गडबड जास्त मजेची.

[दृश्य: दोन प्रती शेजारी शेजारी. एकीचा कागद पातळ, नकाशा काजळल्यासारखा.]

एका कार्डावर प्रश्न होता: "ही बेटावर गेली कधी? लेखिकेनं सांगितलंच नाही." लेखिकेनं सांगितलं होतं. वाचणारीला रांग सोसवली नाही आणि तिनं शहरात रस्त्यावरून स्वस्तातली प्रत आणली. नकली छपाई. पान 208 नंतर थेट 225. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून दुमडलेली पानं. इथे सोळा पानांचा एक आख्खा फर्मा, चौदावा, बांधणीत पडलेलाच नव्हता. तेव्हा पुस्तक हातात आलं की आधी फर्मे तपासायचे. 480 पानांचे तीस फर्मे. प्रत्येक सोळाव्या पानापाशी पुढचा आकडा लागोपाठ आहे ना, एवढंच बघायचं. पाच मिनिटांचं काम आहे.

[दृश्य: डबा उघडला जातो. सतरंजीवर कार्डं, मुलींचे हात. मूळ आवाज काही वेळ तसाच.]

45 कार्डं यायला हवी होती. आली 42, एकीनं पान 200 नंतर पुस्तक सोडलं. काही कार्डं मराठीत, काही रोमन लिपीतल्या मराठीत, बरीच मालवणीत. पान 200 चा ढीग सगळ्यात तापलेला. तिथवर नायक गायब आहे. "तेना तिका असा सोडून जाऊक नको होता." "स्लो बर्न म्हणजे इतका स्लो?" (स्लो बर्न म्हणजे सावकाश फुलत जाणारं प्रेम.) मुलाच्या कार्डावर: "लढाई कधी?"

नीट लावून बघितल्यावर वेगळंच दिसतं. दुसरा भाग सुरू करण्याआधी चौघांनी पहिला पुन्हा वाचला होता. त्यांच्या कार्डांवर राग आहे, पण तो नायकावर. बाकीच्या पाच जणींचा राग लेखिकेवर: "हा आधी असा नव्हता." तो आधीही असाच होता. पहिल्या भागात त्यानं दोनदा खोटं बोलून वेळ मारून नेली आहे. वर्षभरात ते विसरलं, लक्षात राहिला तो पावसातला प्रसंग. म्हणून तिसऱ्या भागाआधी आधीच्या भागाची शेवटची पन्नास पानं तरी परत वाचायचीच, असा इथला नियम झालाय.

तीन भागांच्या मालिकेत मधलं पुस्तक सगळ्यात जास्त बोलणी खातं. त्याला सुरुवातीची नवलाई नसते आणि शेवट करायची मुभा नसते. जुळलेली जोडी लांब न्यायची, जग मोठं करायचं, आणि परत टांगून ठेवायचं. टांगून ठेवण्याची ही चाल मराठी वाचकाला नवी नाही. हरि नारायण आपट्यांनी 1890 साली 'करमणूक' साप्ताहिक काढलं, तेव्हा त्यातल्या कादंबऱ्यांच्या पुढच्या प्रकरणासाठी वाचक असेच खोळंबत.

[दृश्य: पंखा. टेबलावर उभं, पंख्यासारखं उघडलेलं पुस्तक.]

पावसाळ्यात पुस्तक फिरतं ठेवायचं, तर त्याची निगाही राखायला हवी. पाठीला गोंद लावून केलेली ही बांधणी आहे. नवी प्रत एकदम मधोमध उघडली तर पाठ तडकते आणि ऑगस्टपर्यंत पानं सुटतात. पुढून दहा पानं, मागून दहा पानं, असं हलक्या हातानं दाबत मध्यावर यायचं. आवडत्या जागी रंगीत चिकटपट्ट्या लावायची सध्या पद्धत आहे. गुलाबी प्रेमाला, निळी भांडणाला. दिसतात सुंदर. पण दमट हवेत त्यांचा गोंद कागदात उतरतो, त्यावर धूळ बसते आणि पट्टी काढताना छपाईचा पापुद्रा निघतो. त्यामुळे इथे बिनगोंदाच्या कागदी पट्ट्याच.

भिजून आलेलं पुस्तक उन्हात घालायचं नाही, पानं वाकडी होतात. उभं ठेवायचं, दर वीस पानांमागे कोरा टीपकागद घालायचा, तो ओला झाला की बदलायचा, पंखा लांबून. बुरशी दिसली तर ओल्या फडक्यानं पुसायची नाही, ती पसरते. आधी पुरतं वाळू द्यायचं, मग बाहेर पडवीत मऊ ब्रशनं झटकायचं, नाकाला रुमाल बांधून. ब्रश दाढीचा चालतो, नवा.

[दृश्य: कपाट. प्रेमकथांचा खण, काही मुखपृष्ठं चित्रांची.]

या खणाकडे बघून नाक मुरडणारे असतात. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 सालचं, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर 1852 सालचं. ग्रंथालयांची एवढी जुनी सवय असलेल्या या पट्ट्यात, नववीतली मुलगी 480 पानांचं इंग्रजी पुस्तक दहा दिवसांत संपवते याला 'काहीतरी वाचत असते' म्हटलं जातं. एक खबरदारी मात्र हवी. मुखपृष्ठ गोंडस चित्राचं असलं तरी आतला मजकूर अठरा वर्षांवरच्यांसाठी असू शकतो. खरेदीआधी प्रकाशकानं दिलेला वयोगट बघायचा, कव्हरवर विसंबायचं नाही.

[दृश्य: बंद दार, बाहेर छत्र्या.]

खरेदीच्या बैठकीत कॅमेरा नव्हता. तिसऱ्या भागाच्या दोन प्रती मंजूर झाल्या. एका घरातून हरकत आली, ती मुलगी आता येत नाही.

[दृश्य: नोंदवहीचं नवं पान. रेघा आखणारी पट्टी, मग नावं.]

दोन प्रती, दहा दिवस, आता आठ वाचक: चाळीस दिवसांत पुस्तक मोकळं. नावांचा क्रम उलटा लावलाय. दुसरा भाग जिला सगळ्यात शेवटी मिळाला, तिचं नाव इथे पहिलं.