हे वाक्य ऐकलं कुणी?

मंडळी, आज टेंपोनं इथे येताना मी शिंदे की छावनीतून आलो आणि बाड्यावर उतरलो. दौलतराव शिंद्यांच्या फौजेनं १८१० मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ टाकला. पुढे तंबूंच्या जागी घरं उभी राहिली, पण गावाचं नाव लष्करच राहिलं. अशा गावात वाढलेल्या पोराला लढायांमधली वाक्यं तोंडपाठ असतात, तशी मलाही होती. शाळेत त्यावर दोन-तीन बक्षिसंही मारली. मग एका सरांनी शांतपणे विचारलं, "हे वाक्य ऐकलं कुणी?" त्या प्रश्नानं माझी बक्षिसं संपली, पण नाद लागला तो तिथूनच.

आपल्या घरचंच वाक्य घेऊ. १० जानेवारी १७६०, दिल्लीजवळ यमुनेचा बुराडी घाट. दत्ताजी शिंदे गोळी लागून पडलेत. अब्दालीच्या बाजूच्या नजीबखान रोहिल्याचा गुरू कुतुबशहा जवळ येऊन विचारतो, "क्यों पटेल, और लडोगे?" आणि दत्ताजी म्हणतात, "बचेंगे तो और भी लडेंगे." त्यानंतर कुतुबशहानं त्यांचं शिर कापलं.

आता बघा, मराठ्यांच्या इतिहासातलं बहुधा सगळ्यांत गाजलेलं हे उत्तर हिंदीत आहे. साहजिकच आहे, ज्या भाषेत प्रश्न आला त्याच भाषेत उत्तर गेलं. आपणही सराफ्यात गेलो की तसंच करतो. त्यातला 'पटेल' मात्र फार बोचरा आहे. शिंदे मूळचे कण्हेरखेडचे पाटील, आणि ते शत्रूलाही ठाऊक होतं. तो त्यांना सरदार म्हणत नाही, राजा म्हणत नाही, पटेल म्हणतो. हाच 'पाटील' पुढे त्यांचे भाऊ महादजींनी हौसेनं मिरवला.

पण ऐकलं कुणी? बोलणारा तिथेच संपला. पुतण्या जनकोजी जखमी झाला होता, त्याला लोकांनी बाहेर काढलं. विचारणारा कुतुबशहा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कुंजपुऱ्याला भाऊसाहेबांच्या हाती सापडला आणि त्याचंही शिर उडवलं गेलं. संवादातले दोघेही नऊ महिन्यांत गेले. वाक्य आपल्यापर्यंत आणलं ते भाऊसाहेबांच्या बखरीनं, आणि बखरकार काही त्या घाटावर उभा नव्हता. तरी मला विचाराल तर मी हे वाक्य टाकून देणार नाही. नुसतं रचायचंच असतं, तर मराठी बखरकारानं आपल्या सरदाराच्या तोंडी ऐन मरणाच्या वेळी हिंदी कशाला घातली असती?

जाता जाता एक. 'पानिपत संक्रांतीला झालं' असं मी स्वतः एका वक्तृत्व स्पर्धेत ठासून सांगितलं होतं, टाळ्याही घेतल्या होत्या. तारीख १४ जानेवारी १७६१, म्हणजे संक्रांतच की! पण संक्रांत हळूहळू पुढे सरकते. स्वामी विवेकानंद जन्मले तो १२ जानेवारी १८६३ हा दिवस संक्रांतीचा होता. त्याच्या शंभर वर्षं मागे ती दहाच्या आसपास यायची. म्हणजे संक्रांत पानिपतावर नाही, दत्ताजींवर कोसळली. एक वर्ष आधी.

आता फूलबागेकडे वळू. राणीसाहेबांची समाधी तिथे आहे. "मेरी झाँसी नहीं दूँगी" हे कुणाला सांगायला नको. इथे मात्र ऐकणारा सापडतो! जॉन लँग नावाचा वकील, जन्म सिडनीचा. कंपनीविरुद्ध एक गाजलेला खटला त्यानं जिंकून दिला होता, म्हणून १८५४ मध्ये राणीनं त्याला सल्ल्यासाठी झाशीला बोलावलं. राणी पडद्याआड, लँग बाहेर. बोलता बोलता दत्तक मुलानं पडदा बाजूला ओढला आणि लँगला ती क्षणभर दिसली. सल्ला त्यानं वकिली थाटाचा दिला, की तूर्त पेन्शन घ्या, हरकत नोंदवा, अपील करा. तेव्हा राणी जे बोलली ते त्यानं रोमन लिपीत जसंच्या तसं छापलं. देवनागरीत वाचलं तर ते असं होतं : "मेरा झाँसी नहीं देंगी."

'मेरा'! आणि 'देंगी'! शाळेच्या पुस्तकातलं व्याकरण सगळं कोसळलं. लँगचे कान कच्चे होते, की तांब्यांच्या मुलीची हिंदी आपल्या आज्यांसारखी होती? माझी आजी सत्तर वर्षं लष्करात राहिली आणि शेवटपर्यंत भाजीवाल्याला "मेरा थैली" म्हणायची. त्यामुळे माझं मत कुठे झुकतं ते तुमच्या लक्षात आलंच असेल. लँगचं पुस्तक १८५९ मध्ये आलं, राणी १८५८ च्या जूनमध्ये इथेच पडली होती. चूक असेल तर दुरुस्त करणारं कुणी उरलं नव्हतं. मग लोकांनीच ती केली.

काही वाक्यं शत्रूनं लिहून ठेवली, त्यांना साक्षीदार लागत नाही. १ नोव्हेंबर १८०३, लासवारी. शिंद्यांच्या पलटणींना फ्रेंच अंमलदार सोडून गेलेले. जिंकलेल्या इंग्रज सेनापती लॉर्ड लेकनं गव्हर्नर जनरलला कळवलं, की हे लोक सैतानासारखे, नव्हे वीरांसारखे लढले. गोलंदाज संगिनीनं मारले जाईपर्यंत तोफांपासून हलले नाहीत. असल्या प्रसंगात देवानं मला पुन्हा टाकू नये, असंही त्यानं लिहिलं. त्या गोलंदाजांपैकी एकाचं नाव सांगा बरं? मलाही येत नाही.

आणि महादजी? एवढा मोठा माणूस, पण त्यांचं दत्ताजींसारखं एकही वाक्य पोरांच्या तोंडी नाही. ते स्वतः पुन्हा पुन्हा काय सांगायचे, ते जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्यानं लिहून ठेवलंय, आणि ती गोष्ट पळण्याची आहे. पानिपतातून ते उमद्या दख्खनी घोडीवर निघाले, मागे एक अफगाण, त्याचा घोडा बोजड पण पिच्छा सोडेना. शेवटी त्यानं गाठलंच, पायावर घाव घातला, आणि ते जन्माचे लंगडे झाले. राणेखान नावाच्या भिश्त्यानं त्यांना उचलून बैलावर घातलं आणि दक्षिणेत आणलं. पुढे महादजी त्याला भाई म्हणत. दिल्लीचा बादशहा ज्यांच्या मुठीत होता, त्या महादजींना झोपेत बराच काळ तो अफगाण आणि त्याचा बोजड घोडा मागे लागलेला दिसत असे.