लेणं क्रमांक १७ : जागतिक संस्कृतीचा तास

[दृश्य : नाशिकमधली एक शाळा. मधली सुट्टी. बाकांवर स्टीलचे डबे उघडताहेत.]

आज एकादशी. नववीच्या या वर्गात निम्म्या डब्यांत साबुदाण्याची खिचडी आहे. मी या मुलांना जागतिक संस्कृती शिकवते, आणि वर्षाचा पहिला तास मुद्दाम एखाद्या उपासाच्या दिवशी घेते.

खिचडीत काय काय पडलंय ते मुलं सांगतात, मी फळ्यावर लिहिते. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा मूळचा ब्राझीलकडचा. बटाटा पेरू-बोलिव्हियाच्या डोंगरांतला. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. हिरवी मिरची मेक्सिकोकडची. १४९२ साली कोलंबस तिकडच्या बेटांवर उतरला, आणि त्यानंतर पोर्तुगीजांच्या जहाजांतून यातलं बरंच काही आपल्या किनाऱ्याला लागलं. आपल्या त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची समाधी आहे. त्यांच्या काळात, तेराव्या शतकात, एकादशी होती. ही खिचडी नव्हती.

डब्यात फिरणारे चमचे थांबतात. मग कुणीतरी विचारतं, "मॅडम, मग तेव्हा उपासाला काय खायचे?"

या प्रश्नापासून आमचा विषय सुरू होतो.

[दृश्य : भिंतीवरचा जगाचा नकाशा. मुलं टाचण्या लावताहेत.]

अमेरिकेतल्या अनेक हायस्कुलांत ‘वर्ल्ड कल्चर्स’ नावाचा विषय नववी-दहावीच्या सुमारास असतो. आफ्रिका, पश्चिम आशिया, चीन-जपान, लॅटिन अमेरिका असे एकेक प्रदेश घ्यायचे आणि तिथली भाषा, धर्म, कुटुंब, शेती, बाजार, राज्यकारभार एकत्र पाहायचा. आपल्या राज्य मंडळाच्या नववी-दहावीत असा वेगळा विषय नाही. पण दहावीचा भूगोल भारत आणि ब्राझील शेजारी ठेवून शिकवतो, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. आम्ही आठवड्यातून एक तास त्याच वाटेनं पुढे जातो. पालक विचारतात, याचे मार्क धरतात का? नाही धरत. पण वही तपासते, आणि बारकाईनं तपासते.

राजधान्यांची घोकंपट्टी फारशी नसते. कोरा नकाशा मात्र भरता आला पाहिजे. संस्कृतीची व्याख्याही येते. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड टायलर यांनी १८७१ साली लिहिलं की ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी, म्हणजे माणूस समाजात राहून जे जे शिकतो ते सगळं मिळून संस्कृती. व्याख्या चांगली आहे. पण याच टायलर यांनी जगातल्या समाजांना रानटी ते सुसंस्कृत अशा पायऱ्यांवर बसवलं, आणि अमेरिकेतले मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी पुढे त्या पायऱ्यांनाच हरकत घेतली. ही हरकत मुलांना नीट कळावी यासाठी मी दोन तास खर्च करते. वहीत ‘विचित्र’ हा शब्द लिहायला माझी मनाई नाही. मात्र तो लिहिला की खाली दोन ओळी लिहाव्याच लागतात : ते असं का करतात, आणि त्यांच्या अंगणातून आपण कसे दिसतो.

[दृश्य : दसऱ्याचा आदला दिवस. गोदाकाठी झेंडूचे ढीग.]

झेंडूसुद्धा मेक्सिकोचा. तिथे १ आणि २ नोव्हेंबरला मृतांचा दिवस पाळतात. गेलेल्यांना घर सापडावं म्हणून झेंडूच्या पाकळ्यांची वाट आखतात आणि त्यांच्या आवडीचे पदार्थ मांडून ठेवतात. माझ्या एका विद्यार्थिनीचे आजोबा नुकतेच गेले होते. रामकुंडावर दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा काकांनी पानावर जिलबी ठेवली, आजोबांना आवडायची म्हणून. तास चालू असताना ती मेक्सिकोतल्या त्या मांडणीचा फोटो बराच वेळ पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "यांनीपण आवडीचंच ठेवलंय."

त्या तासाला मी पुढे काही शिकवलं नाही.

[दृश्य : पंचवटी. काळाराम मंदिराचा दरवाजा.]

वर्षाच्या मध्यावर एक अवघड तास येतो. प्रत्येकाची रीत आपापल्या जागी बरोबर, असं मुलं तोपर्यंत पटकन म्हणायला शिकलेली असतात. मग मी त्यांना इथे आणते. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली या मंदिरात प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे काही वर्षं नेटानं चालवला. दलितांना आत येऊ न देणं ही तेव्हाची रूढीच होती. मग तीही आपल्या जागी बरोबर का? इथे मुलं भांडतात, आवाज चढतात, कधी एखाद्याच्या घरातली गोष्ट बाहेर येते. मी थांबवत नाही. रीत समजून घेतली म्हणजे ती मान्य केली असं होत नाही, हे मुलांना भांडूनच कळतं. रीत कशी आहे हे दाराच्या आतल्या माणसाला विचारायचं, आणि बाहेर उभ्या ठेवलेल्यालाही विचारायचं.

[दृश्य : पांडवलेणी. पायऱ्या चढणारी मुलं. खाली शहर.]

सहल इथेच असते, पावसाळा सरला की.

बहुतेकांनी ही लेणी आईवडिलांबरोबर पाहिलेली असतात. पण लेणं क्रमांक १७ च्या ओसरीत भिंतीवर काय कोरलंय, हे सहसा कुणी वाचलेलं नसतं. प्राकृत भाषा, ब्राह्मी लिपी, वय दोन हजार वर्षांच्या आसपास. लेणं खोदवून घेणारा सांगतो की मी उत्तरेकडचा, दात्तामित्रीचा रहिवासी, यवन, म्हणजे ग्रीक. माझं नाव इंद्राग्निदत्त, वडिलांचं धर्मदेव. मुलगा धर्मरक्षितही या दानात सोबत आहे. आईवडिलांसाठी आणि बुद्धांच्या सन्मानार्थ हे लेणं त्यानं त्रिरश्मी डोंगरात करवलं आणि भिक्षुसंघाला दिलं.

मी मुलांना ओसरीत खाली बसवते आणि विचारते : या माणसाची संस्कृती कोणती?

"ग्रीक." पण नावात इंद्र आणि अग्नी आहेत. "मग हिंदू." दान बौद्ध संघाला. "मग बौद्ध." स्वतःला तर यवन म्हणवतो. "मॅडम, मग नाशिककरच म्हणा ना!" हशा पिकतो. मी एकही उत्तर खोडत नाही. वहीत प्रत्येकानं आपलं उत्तर कारणासकट लिहायचं, एवढंच.

[दृश्य : जवळून. शिलालेखाचा दगड, शेजारी छापील तक्ता धरलेला हात.]

प्रत्येकाच्या हातात ब्राह्मी अक्षरांचा तक्ता असतो. दगडाला बोट लावायचं नाही, लांबूनच जुळवायचं. एक मुलगा बराच वेळ एकाच जागी अडलेला. ‘ल’ लागला. त्यावरची मात्रा लागली. पुढचं अक्षर सापडेना, तक्ता उलटासुलटा करून झाला. मग ‘ण’ लागला.

"लेण," तो म्हणाला. आणि मागे वळून मोठ्यानं, "अरे, लेणंच लिहिलंय इथं! आपलंच!"