चौथ्या कोपऱ्यावर नातू

(पडदा काळा. फक्त तुणतुण्याची तार वाजते.)

सातारा जिल्ह्यातला माण तालुका. मार्च सरत आलाय. ज्वारी घरात आली, बायकांच्या हाताला जरा उसंत मिळाली. वाकळा शिवायचे हेच दिवस. पुण्याकडं गोधडी म्हणतात, इथं वाकळ.

पडवीत आज्जीनं जुनं नऊवारी लुगडं अंथरलंय. त्यावर विरलेली धोतरं, सदरे, परकर, शाळेची एक खाकी चड्डी. वरून दुसरं लुगडं. थर हलू नयेत म्हणून एका कोपऱ्यावर वरवंटा, दोन कोपऱ्यांवर दगड आणि चौथ्यावर नातू, मांडीवर तुणतुणं घेऊन.

नातू गोंधळ्यांच्या घरातला. लहानपणी संबळाच्या ठेक्यावर पेंगायचा आणि ‘उदे गं अंबे उदे’ ऐकून जागा व्हायचा. देवीचा गोंधळ तो आजही घालतो. पण गेली काही वर्षं तो नवी गाणी रचतोय. एक वाकळ, एक गाणं.

सुरुवातीला त्याचं बसेना. पुण्याच्या एका स्टुडिओत पहिलं गाणं मुद्रित केलं, घरी येऊन ऐकलं, तर सगळं जागच्या जागी आणि तरी कोरडं. मग तो वाकळेपाशी येऊन बसला आणि आज्जीचा हात बघत राहिला.

(सुईचं जवळून दृश्य.)

तुम्हीही बघा. आज्जी एकेक टाका ओढत नाही. सुईवर चार-पाच टाके भरते, मग दोरा सर्रकन ओढून घेते. टाके भरताना श्वास रोखलेला, दोरा ओढताना सोडलेला. त्यानं गाणं तसंच बांधलं. टाके भरताना ओळ, दोरा ओढताना नुसती तार. गाण्यातली ती मोकळी जागा आज्जीनं दिलीय.

वाकळेचा धावदोरा काठावरून निघतो, कोपऱ्यावर वळतो आणि फेरे घेत घेत आत येतो. प्रत्येक फेरा आधीच्यापेक्षा आखूड. म्हणून त्याचं पहिलं कडवं लांबलचक असतं, पुढचं त्याहून लहान, आणि मधोमध पोचता पोचता एकच ओळ उरते. ही रचना मला आजवर कुठल्या गाण्यात भेटली नव्हती. ती कागदावर सुचणारी नाहीच. त्यासाठी वाकळेच्या कडेला दिवसच्या दिवस बसावं लागतं.

एकदा तो रंगात येऊन आलाप घेत राहिला. आज्जी मान वर न करता म्हणाली, “आरं, लांबवू नगंस. दोरा किती हाय बघ की.”

ह्या वाकळेत रेघांचा एक सदरा आहे. आज्जाचा. घरात गोंधळाची परंपरा, पण पोटासाठी आज्जानं मुंबईची गिरणी धरली. सातारा-सांगलीच्या किती घरांची हीच गोष्ट. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले, आणि कितीतरी जण परत गिरणीत गेलेच नाहीत. आज्जा वळकटी घेऊन गावी आला. त्या दिवसांबद्दल तो घरात कधी बोलला नाही. आज्जीनं त्याचा सदरा मात्र पेटीत जपला, आणि यंदा काढला.

(गाणं. आवाज मोकळा, साथीला एक तार.)

भोंगा थांबला गिरणीचा, आज्जा गावाला आला
त्याचा रेघांचा सदरा माझ्या वाकळंत गेला

जात्यावरची ओवी अशीच दोन ओळींची असते. गावोगावच्या बायांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या संशोधकांच्या गटानं गोळा केल्या. त्यात गाणारीचं नाव, गाव नोंदलेलं असतं. वाकळेच्या नशिबी ते कुठलं? कोणी शिवली, हे दोन पिढ्यांत पुसून जातं. मला ह्या पोराचं सगळ्यात जास्त काय भावलं असेल तर हे, की कार्यक्रमात आधी तो शिवणारीचं नाव घेतो, तिचं माहेर सांगतो, आणि मगच तारेला हात लावतो.

वाकळ तो भिंतीवर टांगत नाही. एका ठिकाणी तसा आग्रह झाला होता, तेव्हा त्यानं ती उतरवून खाली अंथरली आणि म्हाताऱ्या बायांना वर बसवलं. गाणं चालू असताना त्यांची बोटं टाक्यांवरून फिरत होती. एकीनं काठ ओळखला, “हे इरकल हाय,” आणि पुढं पूर्ण गाणंभर ती त्या काठावर हात ठेवून बसली.

(पुन्हा पडवी. उन्हं कलली आहेत.)

मधोमध तळहाताएवढी जागा उरलीय. शेवटचा फेरा, शेवटची ओळ. आज्जी गाठ मारते, वाकून दातानं दोरा तोडते. तो तारेवर बोट ठेवतो.

“ऊठ आता कोपऱ्यावरनं,” आज्जी म्हणते. “घडी घालायचीय.”