कपाटामागचं बटण

श्रोतेहो, नमस्कार. वीज महागली की पहिली कात्री लागते ती कपड्यालत्त्यांना आणि सहलीला. विजेला नाही. फ्रिज बंद ठेवता येत नाही, आणि घरातलं जुनं यंत्र दर वाढला म्हणून लगेच बदलत नाही. बिल मात्र लगेच वाढतं.

यावर १९७३ सालचा एक किस्सा सांगायलाच हवा. अरब देशांनी अमेरिकेचं तेल रोखलं होतं, पंपांवर रांगा लागलेल्या. कॅलिफोर्नियात बर्कली इथे आर्थर रोझेनफेल्ड नावाचे भौतिकशास्त्रज्ञ होते. अणुविज्ञानातले दिग्गज एन्रिको फर्मी यांचे शिष्य. नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी रात्री घरी निघताना त्यांच्या मनात आलं, उद्या सकाळी अर्धा तास रांगेत उभं राहायचं, कशासाठी, तर गाडीच्या दहा गॅलनच्या, म्हणजे साधारण अडतीस लिटरच्या, टाकीसाठी. आणि इथे? मजल्यावर वीस खोल्या, दिवे अष्टौप्रहर चालू. त्यांनी हिशेब मांडला. शनिवार-रविवारात या दिव्यांच्या विजेपायी खोलीमागे पाच गॅलनइतकं इंधन जळणार. वीस खोल्यांचे शंभर. म्हणजे गाडीच्या दहा टाक्या! निघाले दिवे मालवायला, तर बटणंच सापडेनात. काही फायलींच्या कपाटाआड, काही पुस्तकांच्या मांडणीमागे, काही पोस्टरखाली. वीस मिनिटं नुसती बटणं हुडकण्यात गेली. पुढे या गृहस्थांनी कणभौतिकी सोडून ऊर्जाबचतीलाच वाहून घेतलं. (बटणावर पोस्टर चिकटवणाऱ्या मंडळींविषयी मला बरंच बोलायचंय, पण वेळ थोडा आहे.)

तर, महागाई माणसाला बटण शोधायला लावते. पण ते सापडायला हवं. पुन्हा सांगतो, सापडायला हवं.

हजार वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट. दोन हजार वॅटचा गीझर तेवढं अर्ध्या तासात खातो. रिमोटने बंद केलेला, पण भिंतीवरचं बटण चालूच असलेला सेट-टॉप बॉक्स दहा वॅट घेत असेल, तर महिन्याला सात युनिटं. कोळशाच्या विजेत युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे न पाहिलेल्या टीव्हीपायी सात किलो.

दर वाढले की पर्यावरणाचं भलंच होतं, असंही नाही. गॅस परवडेनासा झाला की चुलीत पुन्हा लाकूड जातं. खर्च घटतो, धूर घरात.

फ्रिजमधल्या बचतीचं बटण दाराच्या रबरात दडलेलं असतं. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि पट्टी ओढा. सहज निसटली तर तिथून गार हवा गळतेय. चारही बाजूंनी पाहा, बिजागरीकडेही. बहुतेकदा रबर खराब नसतं, खाचेत चिकट मळ असतो. कोमट साबणपाण्याने पुसा, कोरडं करा, पुन्हा पट्टी लावा. तरीही निसटली, तरच रबर बदला.